मोटार उत्तर देत नाही तेव्हा

मुलांनो, आजारी माणूस डॉक्टरांना आपले दुखणे सांगतो. मोटारीला बोलता येत नाही. पण तिच्यातील छोटा संगणक बिघाडाची नोंद ठेवतो. स्कॅनर नावाचे यंत्र जोडले की ती नोंद वाचता येते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून मोटारींना यासाठी १६ पिनांचा एकसारखा सॉकेट सक्तीचा झाला.

कधी कधी स्कॅनर जोडूनही मोटार उत्तर देत नाही. अशा वेळी 'संगणक जळला' असे घाईने म्हणू नये. संगणक महाग असतो. दोष दुसरीकडेच असेल, तर मालकाचे पैसे वाया जातात. म्हणून आधी साध्या गोष्टी तपासाव्यात.

प्रथम चावी फिरवून गाडीतील दिवे लागतात का, ते पाहावे. मोटारीच्या विजेवर चालणारा स्कॅनर सुरूच होत नसेल, तर १६ क्रमांकाच्या पिनेला वीज मिळते का, ते मोजावे. मिळत नसेल, तर फ्यूज पाहावा. ४ आणि ५ या पिनांच्या अर्थिंगच्या ताराही तपासाव्यात.

स्कॅनर सुरू होऊनही उत्तर येत नसेल, तर संदेशाच्या तारा पाहाव्यात. नव्या मोटारींत त्या ६ आणि १४ या पिनांना जोडलेल्या असतात. या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडवून मोजल्यास सामान्यपणे सुमारे ६० ओहम रोध दिसतो. १२० दिसला, तर एखादी तार तुटलेली असू शकते. शून्याजवळ दिसला, तर तारा एकमेकींना चिकटल्या असाव्यात.

उत्तर आले नाही, म्हणजे मेंदूच बिघडला असे नाही. कित्येकदा निरोपाची वाटच तुटलेली असते.