पडद्याला उत्तर ऐकू येत नाही

१ ऑगस्ट १९७५ रोजी गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर जिल्ह्यांतल्या निवडक खेड्यांत पहिल्यांदा दूरचित्रवाणीचे संच सुरू झाले. वर आकाशात अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, खाली इस्रोने उभी केलेली यंत्रणा आणि गावात जाळीची मोठी अँटेना. ‘साइट’ या नावाचा हा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत ३१ जुलै १९७६ पर्यंत चालला. सकाळी साडेबावीस मिनिटे शाळेतल्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. साऱ्या गावाला मिळून एकच पडदा होता. मुले दाटीवाटीने बसून तो पाहत आणि शिकवणारा माणूस मुलांमध्येच असे. त्याच्या जागी पडदा आणून बसवावा, असे तेव्हा कोणाच्याही मनात नव्हते.

पन्नास वर्षांत तो पडदा तळहातावर आला आणि लेकराच्या शेजारचा माणूस उठून गेला. पडद्यामुळे मुलांच्या शिकण्यावर आणि स्वभावावर होणाऱ्या परिणामाचे मूळ मला या दुसऱ्या गोष्टीत दिसते.

गुलबर्ग्याशेजारच्या बीदर जिल्ह्यातला औराद तालुका घ्या. पलीकडे उदगीर आणि देगलूर, पूर्वेला तेलंगण. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी आणि हैदराबादला कामाला गेलेल्या माणसाच्या तोंडी तेलुगू. इथले लेकरू शाळेची पायरी चढण्याआधीच दोन-तीन भाषांत वावरायला लागते. मग आईवडिलांना वाटते, मोबाईलवर इंग्रजी बालगीते लावून दिली की आणखी एक भाषा अशीच कानावर पडून येईल. अपेक्षा साहजिक आहे, पण भाषा नुसत्या कानावर पडून येत नाही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कुल यांनी मांडला. घरात फक्त इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची बाळे त्यांनी घेतली. चिनी बोलणारी माणसे काही बाळांसमोर जमिनीवर बसली, पुस्तके आणि खेळणी घेऊन त्यांच्याशी बोलली. अशा पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या बारा बैठका झाल्या. इंग्रजीत नसलेला चिनी आवाजांमधला बारीक फरक ही बाळे जवळजवळ तैवानमधल्या बाळांइतकाच ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तीच माणसे आणि तेच बोलणे पडद्यावर दाखवले. तिसऱ्या गटाला फक्त आवाज ऐकवला. चिनी भाषा कधीच न ऐकलेल्या बाळांपेक्षा हे दोन्ही गट जराही पुढे गेले नाहीत.

शब्द तेच होते, वेळही तेवढाच होता. फरक पडला तो समोरच्या माणसाने. अंगणात बसलेले लेकरू कोंबडीकडे बोट करते. आजी त्या बोटाच्या दिशेने पाहते आणि म्हणते, ‘व्हय, कोंबडी हाय ती. पिल्लं बी आणली बघ तिनं.’ लेकरू जिथे पाहते आहे तिथलाच शब्द, नेमक्या त्या क्षणी त्याला मिळतो. ते काहीतरी बोबडे बोलते, आजी हसून परत बोलते. मेंदूत भाषा बसते ती या देवाणघेवाणीने. पडदा बोलतो खूप, पण लेकरू कुठे पाहते आहे हे त्याला दिसत नाही आणि लेकराने दिलेले उत्तर त्याला ऐकू येत नाही.

अमेरिकेतल्याच ज्युडी डीलोश यांनी २०१० मध्ये बाळांना शब्द शिकवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय व्हिडिओची परीक्षा घेतली. बारा ते अठरा महिन्यांच्या बाळांनी तो महिनाभर पाहिला आणि न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द काही शिकले नाहीत. सर्वांत जास्त शब्द आले ते पडदा न लावता, आईवडिलांनी रोजच्या कामात जाता-येता तेच शब्द वापरले त्या बाळांना. ज्या पालकांना तो व्हिडिओ फार आवडला होता, त्यांना आपले बाळ त्यातून बरेच शिकले असेही वाटत होते. ‘आमचं पोरगं मोबाईल बघूनच सगळं शिकलं’ हे आपण औरादमध्येही ऐकतो. ते ऐकताना हा निष्कर्ष आठवावा.

ऑस्ट्रेलियातल्या २२० कुटुंबांत लहानग्यांच्या अंगावर छोटे ध्वनिमुद्रण यंत्र बांधून घरातले बोलणे मोजले गेले. तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या वयात पडद्याचे एक मिनिट वाढले की मोठ्यांचे जवळजवळ सात शब्द कमी झाले, मुलाचे पाच उच्चार कमी झाले आणि बोलण्याची एक देवाणघेवाण बुडाली. दिवसाची मिनिटे किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

एक पडदा मात्र मी या यादीतून मुद्दाम बाहेर काढतो. चोवीस ते तीस महिन्यांच्या मुलांवर सारा रोझबेरी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ चा आहे. समोरासमोर शिकवलेले नवे क्रियापद मुले शिकली. व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष बोलणाऱ्या बाईकडूनही शिकली. आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. औरादच्या गावागावांतून माणसे हैदराबाद, पुणे, मुंबईला कामाला जातात, लेकरे आजी-आजोबांकडे राहतात. त्या घरांत संध्याकाळचा आईबापाचा व्हिडिओ कॉल म्हणजे खरेखुरे बोलणे आहे. तो घाईत उरकू नये. ‘जेवलास का?’ एवढ्यावर फोन ठेवण्याऐवजी आज काय पाहिले, कोणाशी खेळलास, हे विचारावे आणि लेकरू बोलेपर्यंत थांबावे. आजी जवळ बसलेली असली तर अर्धवट राहिलेला शब्द ती पुरा करते.

आता रडण्या-रुसण्याकडे येऊ. लेकरू हट्टाला पेटले, हातात फोन दिला, रडे थांबले. सोयाबीनच्या सुगीत दिवसभर राबून आलेल्या आईने हे केले तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. तरी आत काय होते ते समजून घ्यायला हवे. राग आवरणे, वाट पाहणे, नकार पचवणे ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामे आहेत आणि तो भाग पक्का व्हायला विशीपलीकडचे वय लागते. तोवर लेकरू मोठ्यांच्या आधाराने शांत होते. कोणीतरी कडेवर घेते, पाठीवरून हात फिरवते, ‘राग आला व्हय?’ म्हणते, आणि असे शेकडो वेळा झाल्यावर ते स्वतःला सावरायला शिकते. फोनने रडे थांबते, पण हा सराव होत नाही.

मिशिगनमध्ये जेनी रॅडेस्की यांनी तीन ते पाच वर्षांच्या ४२२ मुलांचा मागोवा घेतला. शांत करण्यासाठी वारंवार फोन मिळणाऱ्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत आणि मुळातच चळवळ्या मुलांत, भावनांचा भडका पुढे वाढलेला दिसला. हंगेरीत वेरोनिका कोनोक आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासातही वर्षभराने अशा मुलांचे रागावरचे नियंत्रण कमी भरले. त्यातच असेही दिसले की मुळात जास्त चिडणाऱ्या मुलांच्या हातीच फोन जास्त जातो. म्हणजे कारण आणि परिणाम एकमेकांना खतपाणी घालतात. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. गरिबी, आईवडिलांचा थकवा, घरातली भांडणे यांचा वाटा त्यांतून पुरता वेगळा काढता येत नाही. ‘मोबाईलने मेंदू सडतो’ असे छातीठोक सांगणाऱ्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

मोठ्यांचा फोनही यात येतो. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. बाळाशी खेळणाऱ्या आईने चेहरा एकदम निर्विकार केला, की बाळ हसून, हातवारे करून तिला परत बोलावू पाहते आणि जमले नाही की तोंड फिरवते, रडते. रील पाहणाऱ्या बापाचा चेहरा लेकराला कसा दिसत असेल, याचा अंदाज यावरून येतो.

आता शाळकरी मुलांचे पाहू. करोनाकाळात शाळा बंद होत्या तेव्हा औरादची मराठी माध्यमाची मुले दोन राज्यांच्या पडद्यांमध्ये सापडली. कर्नाटकातल्या चंदना वाहिनीवरचे पाठ कन्नडमध्ये होते. महाराष्ट्रातल्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही चांगली मराठी मालिका लागली, पण ती महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाची, आणि या मुलांच्या हाती मराठीतली असली तरी पुस्तके कर्नाटकाची. पुढे ऑगस्टमध्ये कर्नाटकाने ‘विद्यागम’ काढले. शिक्षक गावात येऊन देवळात, झाडाखाली मुलांचे छोटे गट शिकवू लागले. त्या वर्षांनी देशभर काय केले ते शिक्षणाच्या ‘असर’ पाहणीच्या अहवालात आहे. ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. शाळा पुन्हा नियमित भरू लागल्यावर, २०२४ मध्ये, ती २७.१ टक्क्यांवर आली.

साऱ्या गावाने मिळून काय करता येते, याचे एक उदाहरण घ्या. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने १४ ऑगस्ट २०२२ च्या ग्रामसभेत एक ठराव केला. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तेव्हापासून साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. मला यात मोलाचे वाटते ते हे, की हा नियम मुलांपुरता न ठेवता मोठ्यांनी स्वतःलाही लावून घेतला. अलीकडे बेळगावजवळच्या हलगा गावानेही असाच भोंगा सुरू केला आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची मर्यादा साधी आहे. दोन वर्षांच्या आत, घरच्यांशी होणारे व्हिडिओ कॉल सोडले तर, पडदा नको. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठे माणूस सोबत असताना. पाच ते दहा वर्षांत दोन तासांपेक्षा कमी. अंगणवाडीताईंनी ही मर्यादा मराठीत आणि कन्नडमध्ये भिंतीवर लिहावी. कर्नाटकातल्या ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत ‘ओदुव बेळकु’ योजनेखाली नोव्हेंबर २०२० पासून मुलांना मोफत सभासद होता येते. औराद तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी पुढच्या ग्रामसभेत दोनच ठराव घ्यावेत: संध्याकाळी सात ते साडेआठ साऱ्या गावाचे पडदे बंद, आणि त्या दीड तासात ग्रंथालय उघडे, तिथे मराठी पुस्तके आणि मुलांशी बोलायला गावातले एक जाणते माणूस.