मधल्याचा वांटा

तिघां व्यापाऱ्यांपैकीं कोणतेही दोघे, अथवा तिघेही, एकत्र आल्यास ६० रुपये नफा होतो. एकट्यास कांहींच मिळत नाहीं, असें समजूं. लॉइड शॅप्ले यांच्या १९५३ सालच्या रीतीनें प्रत्येकास २० रुपये येतात. परंतु पहिल्याची व तिसऱ्याची बोलचाल नसून सर्व व्यवहार मधल्याच्या द्वारें होत असेल तर? रॉजर मायरसन यांनीं १९७७ सालीं कसोटी सांगितली: दोघांमधील दळणवळण तुटल्यास उभयतांचें नुकसान सारखेंच व्हावें. त्याप्रमाणें मधल्यास ४०, कडेच्यांस १०-१०. पहिल्यानें मधल्याशीं अबोला धरला, तर उरलेले दोघे ३०-३० घेतात. पहिल्याचे १० बुडतात, मधल्याचेही १० च. म्हणून मधल्याचा मोठा वांटा ही त्याची लबाडी नव्हे. इतरांच्या अबोल्याची ती किंमत होय. कडेचे दोघे परस्परांशीं बोलूं लागले, कीं पुन्हां प्रत्येकास २०!