जीर्ण भिंतींचे छायाचित्रण

कोलकात्याच्या खिदिरपूर भागात भूकैलास नावाचे स्थान आहे. तेथील जोड शिवमंदिरे राजा जयनारायण घोषाल यांनी १७८१ मध्ये बांधविली. बंगालच्या गाळाच्या भूमीत दगड दुर्मिळ. यास्तव तेथील जुन्या वास्तू बहुधा विटा व चुना यांच्या असतात. अशा भिंतींवरील भेगा व खपल्या डोळ्यांना स्पष्ट दिसतात. छायाचित्रात मात्र त्या पुष्कळदा हरवून जातात. असे का व्हावे?

याचे कारण प्रकाशाच्या दिशेत आहे. प्रकाश समोरून आला, तर खपलीची सावली पडत नाही. तोच भिंतीशी ४५ अंशांचा कोन करून आला, तर १ मिलिमीटर उंच खपलीची सावली १ मिलिमीटर पडते. कोन १० अंशांचा असेल, तर ती सुमारे ५.७ मिलिमीटर होते. म्हणून पूर्वाभिमुख भिंतीचे चित्र सकाळी न घेता मध्यान्हाच्या किंचित आधी घ्यावे. त्या वेळी किरण भिंतीला जवळजवळ घासून जातात.

या सावल्यांवरून भिंतीचा रोग ओळखता येतो. जमिनीतील ओल विटांतून वर चढते. पाणी आटले की त्यात विरघळलेले क्षार छिद्रांत स्फटिकरूप धारण करतात व गिलावा फोडतात. चित्रात मोजपट्टी ठेवावी, दिनांक नोंदवावा आणि पुढील वर्षी त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच जागेवरून पुन्हा चित्र घ्यावे; म्हणजे झीज किती वाढली हे मोजता येते.

दुरुस्तीचा नवा गिलावा चढला की जुन्या खुणा कायमच्या झाकल्या जातात. त्यापूर्वी काळजीपूर्वक घेतलेले चित्र हीच मग त्यांची एकमेव साक्ष होय.