आकडे तेवढे वाचता आले

अण्णांचा लॅपटॉप आमच्या पन्हाळ्याच्या घरी आला २००८ साली. शाळेच्या कचेरीत आयुष्यभर टाइपरायटर बडवलेला माणूस. निवृत्तीनंतर गडाविषयी लिहायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी फॉन्टही बोटांच्या सवयीचा निवडला: कृतिदेव. युनिकोड तोवर विंडोजमध्ये येऊन रुळलं होतं. पण 'आता या वयात पुन्हा गमभन गिरवू काय?' म्हणून त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यावेळी आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पन्हाळ्यावर जूनमध्ये धुकं घरात शिरतं ते गणपतीपर्यंत पाहुण्यासारखं राहतं. चपलांना बुरशी, पापड मऊ. लॅपटॉप रात्री गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवला जाई. तरी २०१३ च्या जुलैत तो एका सकाळी उठलाच नाही. कोल्हापुरात दुकानात नेला. 'मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या.' हार्ड डिस्कचं नाव दुकानदाराने काढलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. यंत्र मेलं म्हणजे आतलं लिखाणही मेलं, अशीच आमची समजूत. लॅपटॉप माळ्यावर गेला. २०१९ च्या महापुरात खाली कोल्हापूर पाण्यात होतं, २०२१ च्या जुलैत गडाचा रस्ता खचला. त्या लॅपटॉपची आठवण कोण काढतो? दरम्यान अण्णाही गेले.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले आले, त्यात पन्हाळा. आळीत पेढे वाटले गेले आणि कुणीतरी म्हणालं, 'अण्णांनी गडावर बरंच लिहिलं होतं की, त्याचं काय झालं?' भाच्याने त्याच संध्याकाळी माळा उपसला.

मागचं झाकण काढून चार स्क्रू सोडवले, तर विड्याच्या पानाएवढी चपटी डबी, म्हणजे हार्ड डिस्क, हातात आली. एक केबल लावून ती त्याच्या लॅपटॉपला जोडली. भाच्याने आधी कान लावला. आत टक-टक वाजलं असतं तर तिथेच थांबायचं होतं, कारण तो आवाज म्हणजे वाचणारी सुई भरकटलेली, आणि दर वेळी वीज दिली की तबकडीवर ओरखड्याची भीती. (अशी डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा एक गावठी उपाय सांगतात. पन्हाळ्याच्या दमट हवेत तो केला असता तर डिस्कला घामच फुटला असता.) आवाज नव्हता, नुसती गुणगुण. स्क्रीनवर मात्र प्रश्न आला: डिस्क फॉरमॅट करू का?

'मामा, हो म्हणू नका,' भाचा ओरडला. फायली कुठे ठेवल्यात त्याचा तक्ता बिघडला होता, फायली जागेवर होत्या. त्याने डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्राम लावून आख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली. रात्रभर चाललं ते. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून नकलेवर फोटोरेक चालवला. हा प्रोग्राम तक्त्याच्या वाटेला जातच नाही. प्रत्येक फाइलच्या तोंडाशी तिच्या जातीची खूण असते, तेवढ्यावरून ती उचलतो. त्यामुळे फायली परत येतात, नावं येत नाहीत. शेकडो फायली, प्रत्येकीला नाव म्हणून नुसता एक लांबलचक आकडा.

पहिली उघडली. रोमन अक्षरांचा कालवा. पुन्हा दुसरी, तिसरी, तेच. मला वाटलं, डिस्क सडली. पण त्या कालव्यात आकडे शाबूत होते. एका फाइलीत १६७३ आणि शेजारी ६०. म्हणजे कोंडाजी फर्जंद आणि साठ मावळ्यांनी घेतलेला गड! दुसरीत १६६०, वेढ्याचं साल. एकीत १७८२, राजधानी पन्हाळ्यावरून कोल्हापूरला हलली ते. एकीत १८४४, गडकऱ्यांचं बंड. अक्षर एक कळत नव्हतं, पण प्रकरणं लागत गेली.

दोन दिवसांनी माझी ट्यूब पेटली. कृतिदेवात 'पन्हाळा' म्हणजे आय, मोठा यू, जी, के, मोठा जी, के या कळा. संगणक साठवतो ती इंग्रजी अक्षरंच. वर कृतिदेवचा मुखवटा असेल तर पन्हाळा दिसतो, नसेल तर कालवा. फॉन्ट घातला आणि अण्णांची वाक्यं उभी राहिली. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फॉन्टांत कितीतरी मराठी छापखान्यांनी वर्षानुवर्षं अक्षरजुळणी केली. ज्यांच्याकडे त्या फायली आहेत, त्यांच्याकडे फॉन्टही असायला हवेत.

मग युनिकोडात नेताना वेगळीच मौज. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, युनिकोडात नंतर. ते कन्व्हर्टरने बरं सांभाळलं. पण तो हिंदीसाठी केलेला. अण्णांच्या 'पायऱ्या' आणि 'दऱ्या' त्याने पार मोडल्या. त्या हाताने दुरुस्त करत आम्ही दिवाळी गाठली.

तीसेक फायली अजून अडल्या आहेत. त्या कृतिदेव नाहीत; कुणाच्या तरी छापखान्यात बसून अण्णांनी भलत्याच फॉन्टात केल्या असाव्यात. भाचा दर रविवारी एकेक जुना फॉन्ट लावून बघतो. परवा एकात 'अंधारबाव' अख्खी उमटली. तीन ओळी खाली 'अंबरखाना' असावं, पण 'ख'च्या जागी अजून छत्रीसारखं काहीतरी येतंय.