दुखऱ्या खांद्याला काम द्या

'खांदा दुखतोय ना? मग पूर्ण थांबेपर्यंत हात हलवू नकोस.' सर्फिंग करणाऱ्यांना हा सल्ला घरचे देतात, मित्र देतात, जिममधले जाणकारही देतात. ऐकून ऐकून आता वैताग येतो, कारण या सल्ल्यापायीच कित्येकांचं दुखणं लांबतं.

लाटेवर उभं राहणं हा सर्फिंगचा अगदी छोटा भाग. स्पर्धकांच्या वेळेची मोजदाद झाली आहे: जवळजवळ निम्मा वेळ बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मागे ओढण्यात, म्हणजे पॅडलिंगमध्ये जातो, प्रत्यक्ष लाटेवर जेमतेम चार-पाच टक्के. पाणी ओढून ओढून छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू दणकट होतात. पण खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे रोटेटर कफचे चार लहान स्नायू त्या मानाने मागे पडतात आणि त्यांच्या कंडरा दुखू लागतात. आता महिनाभर हात गळ्यात अडकवलात, तर हेच चार स्नायू आणखी अशक्त होणार. ताणच नाही म्हणून दुखत नाही, आणि आपल्याला वाटतं बरं झालं. पहिल्याच पॅडलिंगला पुन्हा ठणका! कंडरा बळकट होते ती हळूहळू वाढवलेल्या भारानेच.

पहिले दोन-चार दिवस हात जपा, हे मान्य. मग कामाला लागा. कुशीवर झोपा, दुखरा हात वर, कोपर बरगडीला टेकवून काटकोनात. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून मनगट छताकडे न्या आणि सावकाश खाली आणा. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून कोपरं मागे ओढा. भिंतीवर जोर काढा. दहा-बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तरी चालेल. मात्र दुसऱ्या सकाळपर्यंत ते ओसरायला हवं. ओसरलं नाही तर वजन कमी करा, व्यायाम सोडू नका. निदान बारा आठवडे द्या.

'घरच्या व्यायामाने काय होणार?' ब्रिटनमधली ७०८ रुग्णांची 'ग्रास्प' चाचणी २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. फिजिओथेरपिस्टकडे एकदाच जाऊन, नीट शिकून घरी व्यायाम करणारे आणि सहा भेटींपर्यंत जाणारे, यांच्यात वर्षभराने दखल घ्यावी असा फरक नव्हता. एकदा शिकून घ्या, एवढं मात्र कराच.

'एमआरआयमध्ये फाटलेलं दिसलं, म्हणजे ऑपरेशन.' नाही. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात खांद्याची कसलीही तक्रार नसलेल्या साठीपुढच्या लोकांत निम्म्याहून अधिक जणांच्या कफमध्ये फाट दिसली होती.

'कटकट आवाज म्हणजे झीज.' दुखत नसेल तर त्या आवाजाकडे लक्ष देऊ नका.

'इंजेक्शन घेतलं की लगेच पाण्यात.' वेदना दबते, ताकद येत नाही.

पडल्यावर हात उचलताच येत नसेल, खांद्याचा आकार बदलला असेल, हाताला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर मात्र यातलं काहीही करू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

परतताना आधी संथ पाण्यात दहा मिनिटं पॅडलिंग, मग फेसाळ पाणी, शेवटी मोठ्या लाटा. गोव्यात सर्फिंग करणाऱ्यांना जून ते सप्टेंबर समुद्र खवळल्यामुळे तसंही थांबावं लागतं. ते महिने खांद्यासाठी वापरा आणि ऑक्टोबरात तयार खांद्यानिशी पाण्यात उतरा.