पाण्यावरच्या खोलीचा हिशेब

मागच्या बैठकीत हप्त्यांची वसुली राहिली बाजूला आणि सगळ्याजणी एका मोबाईलभोवती जमल्या. निळ्या पाण्यात खांबांवर उभी लाकडी खोली, पायऱ्या थेट समुद्रात. "ही लाटेनं वाहून कशी जात नाही गो?" एका मावशींनी विचारलं. मालवणच्या किनाऱ्यावर जन्म काढलेल्या बाईचाच हा प्रश्न. म्हणून आज आम्ही त्या देशाबद्दल बोलणार आहोत. देश मालदीव, मुंबईहून विमानानं तीनेक तास.

आधी मावशींचं उत्तर. ही बेटं पोवळ्याच्या खडकावर बसलेली आहेत आणि भोवती पोवळ्याचाच बांध असतो. मोठी लाट त्या बांधावर फुटते, आतलं पाणी उथळ आणि शांत राहतं. पांढरी वाळू म्हणजे पोवळ्याचाच चुरा. काही मासे तो खडक कुरतडून खातात, आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडलेली वाळूही तिच्यात बरीच असते. फोटो काढणाऱ्यांना हे कुणी सांगत नसावं!

बेटं सुमारे १२००, पण वस्ती २०० हून कमी बेटांवर. १९७२ साली तिथं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. पद्धत अशी, की रिकामं बेट घ्यायचं आणि त्यावर एकच रिसॉर्ट. पाहुणा विमानतळावरून बोटीनं थेट तिथं जातो. पोहतो, खातो, झोपतो. गाव त्याला दिसतही नाही. आम्ही त्या आरामाला नावं ठेवत नाही. बाळंतपण सोडलं तर आपल्यातली कोण चार दिवस दुसऱ्याच्या हातचं खाऊन पडून राहिली आहे?

पण त्या आरामाला काय लागतं ते बघा. तिथं नदी नाही. समुद्राचं पाणी यंत्रानं गोडं करायचं, यंत्राला वीज, विजेला डिझेल, आणि डिझेल परदेशातून. तांदूळ, पीठ, साखरही बाहेरून. मासा आणि नारळ तेवढा घरचा. कामगारही बरेचसे बांगलादेश, भारत, श्रीलंकेतले. तिथल्या बायका रिसॉर्टच्या कामावर फार थोड्या दिसतात, कारण काम दुसऱ्या बेटावर आणि मुक्कामही तिथंच. लेकरं कुणाच्या भरवशावर टाकायची? एके काळी याच बेटांवरच्या बायका घरी बसून काथ्या वळायच्या आणि तो जहाजं बांधायला दूरदेशी जायचा.

२००९ च्या सुमारास सरकारनं वस्तीच्या बेटांवरही पाहुणे ठेवायला परवानगी दिली. माफुशीसारख्या गावात लहान लहान पाहुणेघरं उभी राहिली. मासा, खोबरं, कांदा, मिरची कालवून भाकरीसारख्या रोशीबरोबर खातात, ती तिथली रोजची न्याहारी पाहुण्याच्याही ताटात आली. गावात दारू चालत नाही, पोहण्याच्या कपड्यात फिरायला किनाऱ्याचा वेगळा तुकडा ठरवलेला. तरी पाहुणे येतात. कचऱ्याचा प्रश्न मात्र मोठा. राजधानी मालेजवळ थिलाफुशी नावाचं बेटच कचऱ्याची भर घालून वाढवलेलं आहे.

आता आमच्या गटातल्या चौघी न्याहारी-निवासाच्या दोन खोल्यांसाठी कर्ज मागताहेत. अंदाजपत्रकात टाइल्स आहेत, एसी आहे. आम्ही त्यांना आणखी तीन ओळी जोडायला सांगितल्या: मे महिन्यात विहीर आटली की पाणी कुठून, कचरा कुठं, आणि पावसाळ्यात पाहुणा नसेल तेव्हा हप्ता कशातून. टँकरचा भाव विचारायला दोघी उद्या तालुक्याला जाताहेत. कागद पुढच्या बैठकीत पुन्हा येईल.