बरगडीपासून सुरुवात

आजी खणाची चोळी घालायची, पुढे गाठ मारलेली. बाळंतपणात अंग सुटलं, आजारपणात वाळलं, तरी चोळी तीच. गाठ थोडी सैल, थोडी घट्ट. आईच्या वेळी ‘बॉडी’ आली, पाठीवर हूक आले आणि गाठीची जागा आकड्याने घेतली. मी पहिल्यांदा एकटी दुकानात गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने टेपला हातही न लावता सांगितलं, “ताई, तुम्हाला चौतीस.” पुढची कित्येक वर्षं मी ३४ बी घालून खांद्यांवर वळ उमटवत राहिले. आपले खांदेच तसे, असं वाटायचं.

न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब यांनी १९१४ साली ज्या ब्रेसिअरचं पेटंट घेतलं, तीही बंदांचीच होती. बंद पाठीमागून फिरवून पुढे बांधायचे, म्हणून वेगवेगळ्या अंगाच्या बायकांना ती चाले. ते पेटंट पुढे वॉर्नर कंपनीने १५०० डॉलरला विकत घेतलं. कपाला ए, बी, सी, डी ही अक्षरं लावली ती कॅम्प या कंपनीने, १९३२ मध्ये.

या अक्षराबद्दल फार गैरसमज आहे. आकडा छातीखालच्या पट्ट्याचा. अक्षर म्हणजे छातीचा भरलेला घेर आणि तो पट्टा यांतला फरक: एक इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. त्यामुळे नुसत्या ‘डी’वरून काहीच कळत नाही. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तिघींचा कप सारख्याच मापाचा असतो. तिन्हींना एकच तार चालते. तरी ‘डी’ ऐकलं की बायका संकोचतात आणि मोठा पट्टा, लहान अक्षर घेऊन घरी जातात.

त्यात जुन्या हिशेबाची भर. पूर्वी छातीखालच्या मापात चार इंच मिळवून आकडा काढत. कापड ताणलं जात नव्हतं तोवर ते ठीक होतं. आता पट्टा इलॅस्टिकचा आहे, हिशेब मात्र अनेक ठिकाणी तोच. बरगड्यांचा घेर ३० आणि छाती ३५ असलेली बाई घ्या. जुन्या रीतीने ती ३४ ए. मिळवणी सोडली तर ३० च्या पट्ट्यात फरक पाच इंचांचा, म्हणजे डीच्याही पुढचा, डीडी. एकाच अंगाची ही दोन मापं. आणि कित्येक दुकानांत ३० चा पट्टा ठेवतच नाहीत.

पट्टा सैल असला की सगळं बिघडतं, कारण भार मुख्यतः त्याने पेलायचा असतो. तो पाठीवर वर चढतो, पुढचा भाग खाली येतो, मग आपण खांद्याच्या पट्ट्या आवळतो आणि त्या काचतात. दोष खाली, वळ वर. कपाचं काम शिंप्याला ठाऊक आहे. कटोरी ब्लाऊज शिवणारा सपाट कापडाला गोलाई देतोच. पण ब्लाऊज एकीच्या अंगावर बेततात. इथे नमुना बहुधा ३४ बीचा करतात आणि बाकीची मापं त्यावरून वाढवत, घटवत नेतात. नमुन्यापासून जितकं दूर, तितकी तारेची गोलाई, पट्टीची रुंदी, कपाची खोली नव्याने पारखावी लागते. ती मेहनत टाळली की मोठ्या मापाच्या बाईला नुसती फुगवलेली ३४ बी मिळते.

मला योग्य माप एका बाईने काढून दिलं. तिने टेप आधी बरगड्यांवर धरली, श्वास सोडायला सांगितलं. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर लावायला लावली. इलॅस्टिक सैलावेल तसं आत सरकायचं. मग पुढे वाका, म्हणाली, काखेकडचं सगळं हाताने कपात घ्या. दोन कपांमधली पट्टी छातीच्या हाडाला टेकली का पाहिलं, तार स्तनावर रुतत नाही ना पाहिलं. शेवटी दोन्ही हात वर करायला सांगून ती माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. पाठीवरचा पट्टा जागचा हलला नाही.